तुम्पीचं सुस्वागतम्

हैमवतीला कुणी विचारलं, की चेच्ची, म्हणजे ताई, तुम्ही या कॉम्प्युटरच्या नादाला लागलात कशा, तर ती सांगते, विजेमुळे. ऐकणाऱ्याला वाटतं, बाई काहीतरी गूढ बोलली. पण ती सरळच सांगत असते. तुलावर्षाचे, म्हणजे परतीच्या पावसाचे दिवस होते, दुपार झाली की आभाळ गडगडायला लागायचं. केरळातल्या इरिंजालकुडाच्या ज्या छापखान्यात ती लग्नपत्रिका आणि देवळाच्या उत्सवाच्या नोटिसा टाइप करायची, तिथे एकदा जवळच कुठेतरी वीज पडली, टेबलाखालून जळका वास आला आणि तिचा कॉम्प्युटर मेला. मालकाने ते खोकं रिक्षात ठेवलं, शेजारी तिला बसवलं आणि दोघांनाही बसस्टँडमागे लोनप्पनच्या दुकानात धाडलं.

लोनप्पन तेव्हा पन्नाशीला टेकलेला होता. गुडघ्यापर्यंत दुमडलेलं मुंडू, गळ्यात क्रूस, बोटांवर सोल्डरिंगचे जुने चटके. आधी रेडिओ, मग टीव्ही आणि आता कॉम्प्युटर, असा त्याचा प्रवास एकाच बाकावर बसून झाला होता. त्याने खोकं उघडलं, जळालेला भाग काढला, दुसरा बसवला आणि मशीन चालतंय का ते बघत बसला. तेवढ्यात हैमाची नजर त्याच्या स्वतःच्या पडद्यावर गेली. पडद्यावरचं सगळं मलयाळममध्ये होतं. वरची यादी, खालची बटणं, तारीख, वार, सगळं. असं तिने कधी पाहिलं नव्हतं. वाकून बघितलं आणि तिच्या तोंडून निघालं,

"अक्षरं तुटलीत हो."

लोनप्पनने चष्मा कपाळावर सरकवला. "कुठे? मला तर धड दिसतायत."

"हा 'सु' बघा ना. उकार तोडून शेजारी उभा केलाय. आमच्या अच्छनना दाखवलं तर जेवायचे नाहीत ते."

तिचे अच्छन, म्हणजे वडील, चात्तुण्णी. आयुष्यभर खिळे जुळवणारा माणूस. मलयाळमची जुनी लिपी मोठी नखरेल. उकार, ऊकार, रफार सगळे अक्षराच्या पोटात शिरून बसलेले, दोन-दोन तीन-तीन अक्षरं एकमेकांत गुंतलेली. शिशाच्या खिळ्यांची केस दोन हात पसरले तरी पुरायची नाही. पुढे टाइपरायटरवर बसावी म्हणून लिपीची सुधारणा झाली, गुंतलेलं सगळं सुटं केलं गेलं, आणि छापखान्यातले निम्मे खिळे वितळवायला गेले. चात्तुण्णीने ते पोत्यांत भरताना पाहिले होते. हैमा लहान होती तेव्हापासून हे दुःख घरात एखाद्या म्हाताऱ्या नातलगासारखं राहायला होतं. तिचं लग्न झालं, नवरा शारजाला गेला, येईनासा झाला, ती परत वडिलांकडे आली, छापखान्यात खिळ्यांच्या जागी कॉम्प्युटर आले, ते शिकून ती कमावती झाली. या सगळ्यात चात्तुण्णीने एकच तक्रार लावून धरली होती: तुझ्या त्या पेटीतून निघतं ते मलयाळम नव्हे.

लोनप्पनने हे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, जुनी सगळी जोडाक्षरं असलेला फॉन्ट आहे. काही हौशी लोकांनी बनवून सगळ्यांसाठी मोकळा ठेवलाय. पण तो आमच्या तुम्पीत आणायचा तर त्याचं पॅकेज बनवावं लागतं, आणि आम्हाला कुणालाच वेळ नाही. तू बनव.

तुम्पी म्हणजे चतुर, ओणमच्या आसपास अंगणात घिरट्या घालतो तो. लोनप्पन आणि त्रिशूरची दोन-तीन कॉलेजातली मुलं मिळून जी ऑपरेटिंग सिस्टीम तयार करत होती, तिला त्यांनी हे नाव दिलं होतं. तयार करत होती म्हणजे सगळं शून्यातून नव्हे. जगातल्या असंख्य लोकांनी लिहून उघडं ठेवलेलं काम होतंच. त्यातलं हवं ते उचलायचं, जुन्या मशीनला पेलेल इतपत हलकं करायचं, वर मलयाळमचा साज चढवायचा आणि सीडीवर घालून शाळांना, वाचनालयांना द्यायचं. का, असं विचारलं तर लोनप्पन म्हणायचा, "रेडिओ दुरुस्त करताना मी त्याची मागची बाजू उघडतो की नाही? याचीपण मागची बाजू उघडी आहे. म्हणून."

हैमा पुढच्या शनिवारी आली, ती येतच राहिली.

पॅकेज म्हणजे एक पुडी, हे तिला लवकर कळलं. आत काय आहे, कुठे ठेवायचं, त्याआधी दुसऱ्या कुठल्या पुड्या लागतील, हे सगळं बाहेरून लिहिलेली पुडी. ती बांधायची कृती एका फाइलमध्ये लिहायची आणि मशीनला सांगायचं, बांध. मशीन थोडं चालायचं आणि थांबायचं. विभाजक नाही, असं काहीतरी म्हणायचं. कुठला विभाजक, ते काही सांगायचं नाही. लोनप्पनने पाहिलं, त्रिशूरच्या मुलांना मेल गेली, ज्या फाइलमधल्या ओळी त्यांनी तिला मेलने पाठवल्या होत्या, ती त्यांच्याकडे चालत होती. इकडे चालेना. हैमाने कितीतरी शनिवार त्यात घातले. लोनप्पन म्हणायला लागला, "सोड हैमे, ही पुडी बांधून घ्यायला तयार नाही."

शेवटी तिने काही वाचायचंच सोडून दिलं आणि नुसता कर्सर एकेका ओळीच्या सुरुवातीपासून पुढे सरकवत बसली. एका ओळीत तो टुणकन उडी मारून अक्षराशी पोचला. दुसऱ्या ओळीतही उडी. तिसऱ्या ओळीत मात्र तो मुंगीसारखा एक-एक घर चालत गेला. दिसायला दोन्ही मोकळ्या जागा सारख्याच. पण एका ठिकाणी टॅब होता आणि दुसऱ्या ठिकाणी, मेलमधून उचलून चिकटवताना, साध्या स्पेस आल्या होत्या. तिने त्या पुसल्या, टॅब दाबला, मशीनला सांगितलं बांध, आणि मशीनने बांधली. लोनप्पनने मागे वळून घरात हाक दिली, "रोसिली, चहा टाक. कोऱ्या जागेतलं वाचणारं माणूस सापडलं."

ते दिवस आठवले की हैमाला आधी पळंपोरीचा वास आठवतो. दुकानामागेच लोनप्पनचं घर, आणि त्याची बायको रोसिली केळ्याचे काप तळून स्टीलच्या ताटात पाठवायची. तेलकट बोटं कीबोर्डला लागू नयेत म्हणून लोनप्पन काटेचमच्याने खायचा आणि हैमा त्याला हसायची. सगळ्या पुड्यांचं काम हळूहळू तिच्याकडे आलं. बिल्ड, म्हणजे पुडी बांधणं, अडलं की दोघांचं भांडण ठरलेलं. पडद्यावर शंभर ओळी वाहून जायच्या. लोनप्पन खालून वर वाचायचा, कारण मशीन शेवटी काय बोलून मेलं ते महत्त्वाचं. हैमा वरून खाली यायची. ती म्हणायची, चेट्टा, दादा, शेवटी तर सगळेच रडतात, पहिला कोण रडला ते बघा. बहुतेक वेळा तिचं खरं निघायचं, पण नेहमीच नाही, आणि नाही निघालं की लोनप्पन ते आठवडाभर गिऱ्हाइकांनाही सांगायचा.

दूरदूरून मेल यायच्या. कण्णूरच्या एका वाचनालयात आवाज येत नाही. पोन्नानीच्या मदरशात प्रिंटर उलटा छापतो. कुणी आभार मानायला लिहायचं, कुणी शिव्या द्यायला. चात्तुण्णी रोज संध्याकाळी पाय धुऊन आत येताना विचारायचा, आज काय मोडलं. लेकीने सांगायचं, त्याने समजल्यासारखी मान हलवायची. फॉन्टचं पॅकेज झालं त्या दिवशी तिने एक पान छापून घरी नेलं होतं. त्याने ते उजेडाकडे धरून पाहिलं होतं आणि म्हटलं होतं, कागदावर आहे हे, पेटीत आहे का? पेटीत असेल तर खरं.

म्हणून तिने ते ठरवलं. मशीन सुरू झाल्यावर, बाकी काही दिसायच्या आधी, काळ्या पडद्यावर 'सुस्वागतम्' उमटलं पाहिजे. जुन्या वळणाचं. 'सु'चा उकार पोटात शिरलेला, 'स्व' एकात एक गुंफलेला. लोनप्पनला कल्पना आवडली. नव्या आवृत्तीत ती घालायचं ठरलं. चात्तुण्णीला तिने सांगून टाकलं, की आता डोंगरातल्या शाळेतली मुलं सकाळी सगळ्यात आधी तुमची अक्षरं बघणार आहेत. दुसऱ्या दिवशी चात्तुण्णीने न्हाव्याकडे जाऊन दाढी नीट करून घेतली आणि विचारलं, ती शाळा कुठे आहे म्हणालीस?

शाळा चालक्कुडीच्या वर, जिथे रबराचे मळे संपून जंगल सुरू होतं तिथे होती. तिथले गणिताचे शिक्षक सुगतन माष, म्हणजे मास्तर. एका बंद पडलेल्या कचेरीतली जुनी मशीनं मागून आणून त्यांनी एका खोलीत मांडली होती आणि पहिल्यापासून त्यांच्यावर तुम्पी चालत होती. माष स्वतः मोठे उत्साही. नवी आवृत्ती आली की सगळ्यात आधी त्यांना हवी असायची. सीडी पोस्टाने गेली. माषनी सगळ्या मशीनांवर ती चढवली, मशीनं बंद केली आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला दुकानातला फोन वाजला. लोनप्पनने घेतला. हैमा समोरच होती. छापखान्याला त्या दिवशी सुट्टी होती. फोनवरचं बोलणं तिला अर्धंच ऐकू येत होतं, पण लोनप्पनचा चेहरा दिसत होता. तो नुसता हं, हं, करत होता. फोन ठेवून म्हणाला, "एकही मशीन उठत नाही. काळा पडदा, इंग्रजीत चार ओळी आणि शेवटी पॅनिक. माष म्हणतात, पोरांनी त्याचा अर्थ विचारला, मी सांगितला, आता मीच त्यात आहे."

मेनूतून जुनी आवृत्ती निवडायला लावून पाहिलं. तीही तिथेच आडवी झाली. लोनप्पन म्हणाला, मशीनं जुनी आहेत, डिस्का गेल्या असतील. हैमाच्या मनात येऊन गेलं, सगळ्यांच्या एकदम? या आवृत्तीत जुन्या-नव्या सगळ्या आवृत्त्यांना स्पर्श करणारा बदल एकच होता, आणि तो कुणाचा, हे तिला ठाऊक होतं. तिच्या मशीनवर, लोनप्पनच्या मशीनवर, त्रिशूरच्या मुलांच्या मशीनवर 'सुस्वागतम्' सुरेख उमटत होतं. तिने तेवढ्यावर मनाची समजूत घातली, पण दोघं तडक निघाले तेव्हा बसमध्ये चालक्कुडी येईपर्यंत तिचा हात पिशवीतल्या सीडीवरच होता.

माष वाट बघत फाटकात उभे होते. मुलांना त्यांनी मैदानावर पिटाळलं होतं. खोलीत सगळे काळे पडदे एका रांगेत, आणि प्रत्येकावर त्याच चार ओळी. लोनप्पनने खुर्ची ओढली, हैमाने सीडी घातली आणि मशीन सीडीवरून उठवलं. आतली डिस्क ठणठणीत होती. लोनप्पन म्हणाला, मग सुरुवातीची खोली बघ.

त्यांच्या भाषेत ती सुरुवातीची खोली म्हणजे डिस्कचा एक छोटा कप्पा. मशीनला जाग येते तेव्हा त्याला मोठी डिस्क उघडताच येत नाही, ती कशी उघडायची हे आधी कुणीतरी सांगावं लागतं. त्यासाठी लागणारं जुजबी सामान एका गाठोड्यात बांधून त्या कप्प्यात ठेवलेलं असतं. लोनप्पन त्या गाठोड्याला पोतिच्चोर म्हणायचा, प्रवासाला केळीच्या पानात बांधून नेतात तो भात. हैमाने कप्पा उघडला. तो काठोकाठ भरला होता. जुन्या मशीनांवर तो मुळातच लहान, त्यात मागच्या आवृत्त्यांची अडगळ, आणि आता प्रत्येक आवृत्तीचं गाठोडं नव्याने बांधताना ते मध्येच जागा संपून अर्धवट राहिलेलं. अर्धवट गाठोडं घेऊन मशीन निघालं होतं आणि पहिल्याच वळणावर त्याच्या लक्षात आलं होतं, की आपल्याजवळ किल्लीच नाही.

"एवढं काय भरलंय यात?" लोनप्पन म्हणाला.

हैमाने एक-एक नाव वाचलं. तिचा फॉन्ट, शेकडो जोडाक्षरांसकट. ती जोडाक्षरं जुळवून पडद्यावर मांडणारा प्रोग्राम. त्याला लागणारे आणखी दोन. त्या दोघांना लागणारे आणखी. एका शब्दासाठी सगळं खानदान आत येऊन बसलं होतं. मोठ्या मशीनांवर ते खपून गेलं होतं, इथे नाही.

तिला वाटलं, आता लोनप्पन चिडेल, चिडला तर बरं. लोनप्पन चिडला नाही. खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "हैमे, पोतिच्चोर बांध म्हटलं तर तू त्यात लग्नाची सद्या, अख्खी मेजवानी भरलीस. पायसमसुद्धा."

माष हसले. हैमालाही हसावं लागलं, पण कानशिलं तापली होती. तिने स्वतःच्या हाताने स्वागत काढून टाकलं, गाठोडी पुन्हा बांधली, एकेक मशीन उठवलं. काळ्या पडद्यावर साधी इंग्रजी ओळ आली आणि पाठोपाठ तुम्पी सुरू झाली. मुलं आत आली, आपापल्या जागी बसली. सकाळी काय दिसणार होतं आणि आता काय दिसत नाहीये, हे त्यांना कुणालाच माहीत नव्हतं. माषच्या घरी उकडलेला टॅपिओका आणि माशांची झणझणीत मीन करी होती. लोनप्पनने दोनदा वाढून घेतलं. हैमा माशाचे काटे वेचत बसली. परत येताना बसमध्ये ती म्हणाली, "हे पॅकेज काढूनच टाकूया, चेट्टा. इंग्रजीत काय वाईट आहे." लोनप्पन खिडकीबाहेर बघत म्हणाला, "वाईट काही नाही. पण तू असं बोलायला लागलीस की मला रेडिओच बरे वाटतात."

घरी तिने काही सांगितलं नाही. चात्तुण्णीने आज काय मोडलं विचारलं तेव्हा, काही नाही म्हणाली. असं तीन-चार दिवस चाललं. रविवारी दुपारी जेवताना त्याने ताकाची मोरू करी भातावर ओतता ओतता विचारलं, शाळेत जायचं कधी? मग तिला सांगणं भाग पडलं. गाठोडं, कप्पा, फॉन्ट, त्याच्यामागून आलेलं खानदान, सगळं सांगितलं. आवाज रडवेला होऊ नये म्हणून ती पापड मोडत राहिली.

चात्तुण्णीने ऐकून घेतलं. त्याचं जेवण थांबलं नाही.

"तो शब्द बदलतो का?" त्याने विचारलं.

"कुठला?"

"सुस्वागतम्. उद्या दुसरं काही लिहायचं असतं का तिथे?"

"नाही. रोज तेच."

"मग जुळवतेस कशाला, मोळे, पोरी? आमच्या वर्तमानपत्राचं नाव रोज पहिल्या पानावर यायचं. ते कधी कुणी खिळ्यांनी जुळवलं नाही. एकदा ब्लॉक करून घेतला होता, पंचवीस वर्षं तोच ठोकला. रोज बदलतं ते जुळवायचं. बदलत नाही त्याचा ब्लॉक." आणि मग, जरा रागानेच, "एवढंही शिकवत नाहीत का तुम्हाला?"

हैमाचा हात पापडावर तसाच राहिला. चित्र. शब्दाचं नुसतं चित्र ठेवायचं. अक्षरं कशी गुंफायची हे मशीनला सांगायचीच गरज नाही. ते आधीच गुंफून, एका चिमुकल्या चित्रात घालून द्यायचं. फॉन्ट नको, जुळवणारा नको, त्याचे पाहुणे नकोत. लोनप्पनला हे सुचलं नव्हतं, त्रिशूरच्या मुलांना सुचलं नव्हतं, तिला तर सुचायला हवं होतं, छापखान्यात बसून वर्षानुवर्षं दुसऱ्यांचे शिक्के आणि बोधचिन्हं तीच चिकटवत होती. तिने उष्ट्या हाताने उठायला घेतलं तर बाप म्हणाला, ताक संपव आधी.

शब्दाची जुळणी चात्तुण्णीने स्वतः पास केली. हैमा मोठा करून छापून आणायची, तो पेन्सिलीने खुणा करायचा, इथे अंतर जास्त झालंय, इथे 'ग' मागे रेलतोय. प्रूफ तपासताना तो पूर्वी जसा खालचा ओठ दाताखाली धरायचा तसाच आताही धरायचा. हे तिने कितीतरी वर्षांनी पाहिलं. शेवटच्या कागदावर त्याने कोपऱ्यात आपली जुनी सही केली, जी बघून छपाई सुरू व्हायची. ते चित्र इतकं लहान होतं, की गाठोड्याच्या वजनात फरकच पडला नाही. लोनप्पनने मशीन उठवून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि म्हणाला, "चात्तुण्णी चेट्टनना आपल्या मेलच्या यादीत घ्यायला पाहिजे. फक्त त्यांना मेल नको."

शाळेत या खेपेला तिघं गेले. चात्तुण्णी इस्त्री केलेलं मुंडू नेसून, पुढच्या सीटवर, दांडा घट्ट धरून. माषनी मुलांना आधीच बसवलं होतं. खिडक्या उघड्या होत्या, सकाळचं ऊन आत आलं होतं. बटणं दाबली गेली. पडदे काळे झाले, आणि मग रांगेतल्या एकेका पडद्यावर तो शब्द उमटत गेला, कुठे आधी, कुठे जरा मागाहून. एका मुलीने तो मोठ्याने वाचला आणि 'सु'पाशी अडखळली. असा 'सु' तिने पाहिला नव्हता. शेजारच्या मुलाने तिला विचारलं, हा कुठला 'सु'? तिने उत्तर द्यायच्या आत चात्तुण्णी त्यांच्या मागे जाऊन उभा राहिला होता. त्याने वाकून बोट काचेवर टेकवलं आणि उकाराच्या वळणावरून हळूच फिरवलं. "हा खाली उतरतो आणि पुन्हा वर येतो. बघ. एका दमात." मग सवयीने त्याने बोट उलटं करून पाहिलं, शाई लागली का. लागली नव्हती. त्याने ते मुंडूला पुसलं तरीही.

माष त्याला म्हणाले, दोन शब्द बोला. तो म्हणाला, माझं काम झालं, पोरांचा तास वाया घालवू नका.

त्यानंतर चात्तुण्णी चारेक वर्षं जगला. शेवटी शेवटी त्याला दिसेनासं झालं होतं, पण संध्याकाळचा प्रश्न चुकला नाही. ज्या दिवशी हैमाने सांगितलं, आज काहीच मोडलं नाही, त्या दिवशी तो निराश झाल्यासारखा वाटायचा. म्हणून ती अधूनमधून काहीतरी मोडलेलं सांगायची.

पुढे दिवस बदलले तसे तुम्पीचेही बदलले. त्यात वाईट वाटण्यासारखं काही घडलं असंही नाही. शाळांना नवी मशीनं मिळाली, त्यांच्याबरोबर त्यांची स्वतःची, चांगली सुधारलेली मोकळी सिस्टीम आली आणि तीत मलयाळम उत्तम होतं. त्रिशूरच्या मुलांना बंगळूरला, जर्मनीला नोकऱ्या लागल्या. लग्नाची आमंत्रणं यायची, बिल्डचे प्रश्न येईनासे झाले. सुगतन माष निवृत्त होऊन कोट्टायमला मुलाकडे गेले. आधी महिन्याला एक मेल, मग ओणमला एक. लोनप्पनची मुलगी आयर्लंडमध्ये नर्स होती. ती आईबापांना बोलावत होती. रोसिलीच्या गुडघ्यांनी तिथल्या डॉक्टरांच्या आशेने होकार दिला, आणि मग लोनप्पनलाही द्यावा लागला.

दुकान आवरायला हैमा सकाळपासून गेली होती. जुने रेडिओ कुणी संग्राहक घेऊन गेला. पडदे, खोकी, वायरींची भेंडोळी भंगारवाल्याने नेली. उरला कोपऱ्यातला सर्व्हर, ज्यावरून इतकी वर्षं तुम्पीची पॅकेजं वाटली जात होती. हैमाने त्यातलं सगळं आधीच दुसऱ्या एका मोठ्या, कुणीतरी सांभाळतंय अशा ठिकाणी उतरवून ठेवलं होतं. तिचा फॉन्ट तर कधीचा जगातल्या मोठ्या सिस्टीमांत गेला होता. आजही त्याच्या पॅकेजवर सांभाळणाऱ्याच्या जागी तिचं नाव आहे आणि अधूनमधून ब्राझीलचा नाहीतर चेक देशाचा कुणी तिला लिहितो, की अमुक ठिकाणी बिल्ड अडतंय, बघता का. ती बघते. वरून खाली.

लोनप्पनच्या अंगात मुलीने पाठवलेला स्वेटर होता. घालून बघ म्हणून रोसिलीने घालायला लावला होता आणि तो काढायला विसरला होता. घामाने थबथबला होता. त्याने सर्व्हरकडे बोट दाखवलं.

"तू कर बंद."

"मशीन तुमचं आहे."

"उठवलं मी होतं. झोपवायचं काम तुझं."

हैमा खाली बसली, नीट आज्ञा देऊन तिने ते बंद करायला लावलं, नुसतं बटण दाबून नव्हे. डिस्क थांबली. मग पंखा मंदावत मंदावत थांबला. आणि दुकानात एकदम रेडिओ ऐकू आला. पलीकडच्या न्हाव्याच्या दुकानातला, भिंतीतून, अगदी स्वच्छ. जुन्या सिनेमातलं गाणं लागलं होतं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. लोनप्पन बाहेर गेला आणि दारातून त्याने न्हाव्याला विचारलं,

"भास्करा, हा रेडिओ तू कधी घेतलास?"

"मी कुठला घेतो. तुम्हीच दिला होता की, चेट्टा. दुरुस्त करून. या गल्लीत आलो त्या वर्षी." भास्करन गिऱ्हाइकाच्या मानेवरून वस्तरा उचलून म्हणाला. "रोज वाजतो."

लोनप्पन परत आत आला. स्वेटर डोक्यावरून ओढून काढला आणि तो मांडीवर घेऊन बाकावर बसला. हैमा सर्व्हरशेजारी जमिनीवरच बसून राहिली. मागच्या दारातून रोसिली चहा घेऊन आली, तिघांचा, आणि तीही टेकली. गाणं संपेपर्यंत कुणी उठलं नाही. नंतर बातम्या लागल्या, तेव्हा लोनप्पनने शटर ओढायला घेतलं.